एकेश्वरवादी धर्मांचा इतिहास लिहिताना तोल कसा सांभाळायचा: नव्याने लिहिणाऱ्यांसाठी

ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या धर्मांच्या इतिहासावर लिहायचं ठरवलंत की पहिल्याच आठवड्यात लक्षात येतं, माहितीला तोटा नाही. उलट ती अंगावर येते, आणि तिच्यातली बरीचशी कुणीतरी कुणालातरी हरवण्यासाठी लिहून ठेवलेली असते. भक्तांनी लिहिलेली आहे, धर्म सोडून गेलेल्यांनी लिहिलेली आहे, शेजारच्या धर्मातल्या पंडितांनी खोड काढण्यासाठी लिहिलेली आहे, राजाच्या पदरच्या लेखनिकांनीही लिहिलेली आहे. मी या विषयावर बरीच वर्षं लिहितो आहे आणि इतरांचे लेख तपासतोही. नवे लेखक जिथे अडखळतात त्या जागा जवळजवळ ठरलेल्या आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. एका धर्माच्या दोन कत्तली लिहिल्या म्हणून दुसऱ्याच्याही दोन हुडकून आणायच्या, याला तोल म्हणत नाहीत. पुराव्याला लावायचं माप सगळ्यांना एकच ठेवलंत की तोल आपोआप येतो. मग एखाद्या लेखात एका बाजूचं पारडं जड दिसलं तरी दिसू द्या.

लिहायला बसण्याआधी जवळ काय हवं

- स्रोतांचा तक्ता. संगणकावर करा, वहीत करा. रकाने असे: घटना केव्हाची, लिहिणारा कोण, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं, कुणासाठी लिहिलं, आणि आज हाती असलेली सर्वांत जुनी प्रत केव्हाची. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि पुढे वादात नेमके तिथेच अडकतात.
- प्रत्येक धर्मग्रंथाची किमान दोन भाषांतरं. एक त्या धर्मातल्या माणसाने केलेलं, एक बाहेरच्या अभ्यासकाने केलेलं.
- हिजरी-इसवी कोष्टक. हिजरी वर्ष चांद्र आहे, सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळे ते बहुधा दोन इसवी सनांत पसरतं. हिजरी ७२ लिहायचं असेल तर इ.स. ६९१-६९२ असं जोडीने लिहा.
- शिलालेख, नाणी आणि हस्तलिखितांची छायाचित्रं. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ती फुकट मिळतात. हिब्रू ग्रंथांसाठी सेफारिया हे संकेतस्थळ आणि कुराणाच्या जुन्या हस्तलिखितांसाठी बर्लिनचा कॉर्पस कोरानिकुम हा प्रकल्प उपयोगी पडतो.

१. प्रश्न लहान करा

‘इस्लाम तलवारीने पसरला का?’ किंवा ‘ख्रिस्ती धर्म प्रेमाने पसरला का?’ हे प्रश्न भाषणाचे आहेत. त्यांवर लेख लिहायला घेतलात तर पुरावा गोळा करण्याआधीच तुमची बाजू ठरलेली असेल.

त्याऐवजी असा प्रश्न घ्या: इजिप्तमध्ये अरबांची सत्ता आल्यावर तिथली बहुसंख्य प्रजा मुसलमान व्हायला किती काळ लागला? आता हाताला काहीतरी लागतं. अरब सैन्याने इजिप्त जिंकला तो ६३९ ते ६४२ या काळात, म्हणजे सत्ता तलवारीने आली यात शंका नाही. पण धर्मांतराला काही शतकं लागली. मधल्या काळात जिझिया होता, करांच्या बोज्याविरुद्ध कॉप्टिक ख्रिस्त्यांची बंडं होती (शेवटचं मोठं बंड ८३१-८३२ मध्ये मोडलं गेलं), अरबी ही कारभाराची भाषा होणं होतं, आणि चौदाव्या शतकात मामलुकांच्या राजवटीत वाढलेला दबावही होता. एवढं लिहिलंत की ‘तलवारीने’ म्हणणाराही अर्धवट ठरतो आणि ‘निव्वळ मनपरिवर्तनाने’ म्हणणाराही.

२. श्रद्धेचं विधान आणि इतिहासाचं विधान वेगळं ठेवा

येशू मेलेल्यांतून उठला, हे इतिहासकार सिद्धही करू शकत नाही आणि खोडूनही काढू शकत नाही. पण ख्रिस्ती प्रचारक पौलाने इ.स. ५० च्या दशकात करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं आणि त्यात उठलेल्या येशूला पाहणाऱ्यांची यादी दिली, हे तो लिहू शकतो. म्हणजे वीसेक वर्षांच्या आत ही श्रद्धा पक्की झालेली होती. सीनायवर मोशेला मिळालेल्या आज्ञा आणि हिराच्या गुहेत मुहंमदांना मिळालेला पहिला संदेश यांनाही हीच रीत लावा.

इथे एक बारीक खोट राहून जाते. एका धर्माबद्दल ‘श्रद्धेनुसार’, दुसऱ्याबद्दल ‘परंपरेनुसार’ आणि तिसऱ्याबद्दल ‘कथितपणे’ असं लिहिलं जातं. लेखकाचा कल तीन शब्दांत उघडा पडतो. एकच शब्द निवडा आणि तिन्ही ठिकाणी तोच वापरा.

आणि जिथे पुरावा स्पष्ट आहे तिथे भिडेखातर तो पातळ करू नका. कुराणाच्या ४:१५७ या आयतीत म्हटलं आहे की त्यांनी येशूला ठार केलं नाही आणि क्रुसावरही चढवलं नाही. रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या कारकिर्दीत येशूला देहदंड झाला हे मात्र ख्रिस्ती लेखनाबाहेर रोमन इतिहासकार टॅसिटसनेही नोंदलेलं आहे, आणि इतिहासकारांत त्याबद्दल जवळजवळ एकमत आहे. ‘याबाबत दोन मतं आहेत’ असं लिहून मोकळं होणं म्हणजे पळवाट. कुराणातलं विधान सातव्या शतकातली इस्लामची भूमिका म्हणून द्या आणि पहिल्या शतकातला पुरावा पुरावा म्हणून द्या. याच हाताने हेही लिहा की सहा लाख पुरुष आणि त्यांचे कुटुंबकबिले इजिप्तमधून बाहेर पडल्याची एकही इजिप्शियन नोंद सापडलेली नाही. इस्राएलचा बायबलबाहेरचा सर्वांत जुना सर्वमान्य उल्लेख मर्नेप्ताह या फॅरोच्या शिलालेखात, इ.स.पू. १२०८ च्या सुमाराचा आहे, आणि त्यात इस्राएल आधीच कनान प्रदेशात दिसतो.

३. स्रोताचं वय मोजा, मग वजन ठरवा

पैगंबर मुहंमदांचं निधन ६३२ साली झालं. त्यांचं सविस्तर चरित्र लिहिणारा इब्न इसहाक ७६७ च्या सुमारास वारला, आणि ते चरित्र आपल्याकडे आलं ते मुख्यतः इब्न हिशामच्या (मृत्यू ८३३) संपादनातून. त्यानेही काही मजकूर गाळल्याचं स्वतःच सांगितलं आहे. हे वाचून लगेच ‘म्हणजे सगळं बनावट’ अशी उडी मारणारे भेटतात. त्यांना विचारा, मार्कचं शुभवर्तमान घटनेनंतर सुमारे चाळीस वर्षांनी लिहिलं गेलं आणि दावीद राजाच्या कथा त्याहून कितीतरी लांबच्या अंतराने आजच्या रूपात आल्या, मग तिथे हेच माप लावणार का? लावणार असाल तर खुशाल लावा. फक्त एकाच धर्माच्या दारात मोजपट्टी काढू नका.

वयाबरोबर गोष्ट कशी फुगत जाते याचा धडा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनकडून घ्यावा. ३१२ साली त्याने रोमजवळ मिल्व्हियन पुलाची लढाई जिंकली. काही वर्षांतच ख्रिस्ती लेखक लॅक्टँशियसने लिहिलं की त्याला स्वप्नात ढालींवर चिन्ह काढण्याची आज्ञा झाली. ३१५ साली रोममध्ये उभारलेल्या विजयकमानीवर फक्त ‘देवत्वाच्या प्रेरणेने’ असं कोरलं आहे, कुठल्या देवाच्या ते नाही. आणि ३३७ मध्ये सम्राट वारल्यानंतर बिशप युसेबियस लिहितो की भर दिवसा आकाशात प्रकाशाचा क्रूस दिसला, आणि हे आपल्याला सम्राटाने स्वतः शपथेवर सांगितलं होतं. तिन्ही नोंदी तारखेच्या क्रमाने लिहा. वाचकाला पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

याच कसोटीवर एक लोकप्रिय गोष्ट बाद होते. खलिफा उमरच्या हुकमावरून अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय जाळलं, पुस्तकांनी हमामं तापवली, ही हकिगत तेराव्या शतकातल्या लेखनात दिसते, म्हणजे घटना म्हणतात तिच्यानंतर सुमारे साडेपाचशे वर्षांनी. मधल्या काळातल्या अरब, कॉप्टिक, ग्रीक कुणालाच तिची खबर नाही. गंमत म्हणजे ती आधी लिहिणारे मुसलमानच होते, त्यामुळे ‘ख्रिस्त्यांनी रचलेली बदनामी’ हेही उत्तर चालत नाही.

कार्बन-तपासणीच्या आकड्यांबाबतही सावध राहा. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या कुराणाच्या पानांचं चामडं ५६८ ते ६४५ या काळातलं असल्याचं २०१५ साली जाहीर झालं. ती तारीख चामड्याची आहे, शाईची नव्हे. श्रद्धावान वरचं टोक पकडतात, विरोधक खालचं. तुम्ही दोन्ही टोकं लिहा.

४. एकच घटना सगळ्यांच्या तोंडून ऐका

या पायरीला वेळ द्या. बाकी सगळं घाईत उरकलं तरी चालेल, हे नाही.

सरावासाठी इ.स.पू. ७०१ घ्या. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदा या ज्यूंच्या राज्यावर चालून आला. त्याच्या मृत्तिकालेखात लिहिलं आहे: तटबंदीची ४६ नगरं घेतली, २,००,१५० माणसं नेली, यहूदाच्या हिज्कीया राजाला यरुशलेममध्ये (जेरुसलेममध्ये) पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं, आणि त्याच्याकडून ३० किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं व ८०० किक्कार चांदी खंडणी घेतली. बायबलमध्ये दुसऱ्या राजांच्या पुस्तकात (१८ वा अध्याय) हिज्कीयाने ३० किक्कार सोनं आणि ३०० किक्कार चांदी दिल्याचं आहे. पुढच्या अध्यायात परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत अश्शूरी छावणीतले १,८५,००० मारले.

आता दोन्ही कागद शेजारी ठेवून हळूहळू वाचा. सोन्याचा आकडा तंतोतंत जुळतो, चांदीचा नाही. सन्हेरीब पाखराची उपमा देतो, पण यरुशलेम जिंकलं असं कुठेही म्हणत नाही. आणि जिंकलं असतं तर हा राजा गप्प बसणारा नव्हता. निनवेच्या आपल्या राजवाड्यात त्याने भिंतभर शिल्पं कोरून घेतली ती यहूदातलं लाखीश नगर जिंकल्याची, यरुशलेमची नाहीत. उलट बायबलमध्ये लाखीशच्या पाडावाचं वर्णन नाही, तिथे सन्हेरीबचा तळ होता एवढंच ओझरतं येतं. दोघेही आपापली नामुष्की मौनात ठेवतात. तुम्ही खात्रीने लिहू शकता ते असं: यहूदाचा बराच भाग उद्ध्वस्त झाला, जबर खंडणी दिली गेली, राजधानी पडली नाही. वेढा का उठला, त्याचं दोन्ही बाजूंचं उत्तर त्यांच्या त्यांच्या देवाच्या गौरवाचं आहे, म्हणून ते त्यांच्या नावावर लिहा.

मग १५ जुलै १०९९ कडे वळा. पहिल्या क्रूसेडचं सैन्य जेरुसलेममध्ये शिरलं आणि मोठी कत्तल झाली. एवढ्यावर सगळे एकमत आहेत, आकड्यांवर नाहीत. सैन्याबरोबर असलेला पाद्री रेमंड लिहितो की मंदिराच्या आवारात रक्त घोड्यांच्या लगामापर्यंत पोचलं. हे वाक्य अहवालाचं नाही, बायबलच्या प्रकटीकरणातून (१४:२०) उचललेलं आहे. त्याला भविष्यवाणी खरी झाल्याचं दाखवायचं होतं. फुल्कर दहा हजारांच्या आसपास म्हणतो, पण तो त्या दिवशी जेरुसलेममध्ये नव्हता, एडेसाला होता. इब्न अल-अथीर (मृत्यू १२३३) सत्तर हजारांहून अधिक म्हणतो. तो शतकभराने लिहितो आहे आणि त्याच्या काळातही फ्रँकांशी (क्रूसेडच्या युरोपीयांशी) लढाया चालू आहेत. घटनेचा समकालीन असलेला अंदालुसी (मुस्लिम स्पेनमधला) पंडित अबू बक्र इब्न अल-अरबी मात्र तीन हजार लिहितो.

तिसरी बाजू ज्यूंची. दमास्कसचा इब्न अल-कलानिसी सांगतो की ज्यू आपल्या प्रार्थनागृहात जमले आणि फ्रँकांनी ते त्यांच्यासकट जाळलं. कैरोच्या गेनिझात (प्रार्थनागृहातल्या जुन्या कागदांच्या कोठीत) सापडलेलं, पुढच्याच वर्षी अस्कलानहून लिहिलेलं पत्र जिवंत राहिलेल्या ज्यू कैद्यांना आणि लुटलेल्या धर्मग्रंथांना पैसे देऊन सोडवल्याचा हिशोब देतं. पत्र लिहिणाऱ्यांना आणखी वर्गणी हवी होती हेही विसरू नका. म्हणजे कत्तल झाली, पण शहरातला प्रत्येक माणूस मेला हे खरं नाही.

लेखात सत्तर हजार लिहिणारा आणि तीन हजार लिहिणारा, दोघेही ‘स्रोत आहे’ म्हणून छाती पुढे काढतात. तुम्ही आकडा एकटा सोडू नका. कुणी, कधी, कशासाठी सांगितला ते त्याच वाक्यात यायला हवं. जुन्या इतिहासकारांना ही जाण होती. तबरीने (मृत्यू ९२३) प्रस्तावनेतच बजावलं आहे की एखादी हकिगत वाचकाला पटली नाही तर ती माझ्याकडची नाही, मला सांगणाऱ्यांकडून जशी आली तशी मी पुढे दिली.

५. क्रियापदांवरून हात फिरवा

मसुदा झाला की फक्त क्रियापदं वाचा. आपल्या आवडत्या धर्माचा ‘प्रसार होतो’, दुसऱ्याचं ‘आक्रमण होतं’. एकीकडे लोक धर्म ‘स्वीकारतात’, दुसरीकडे त्यांच्यावर तो ‘लादला जातो’. परिच्छेदातली धर्मांची नावं आपसांत बदलून मोठ्याने वाचा. जिथे कानाला खटकेल तिथे दुरुस्ती करा. कर्ताही नेमका हवा. ‘मुसलमानांनी’ऐवजी उमय्यद सैन्याने, ‘ख्रिस्त्यांनी’ऐवजी फ्रँक राजा शार्लमेनने.

६. हरलेल्यांना आणि घरच्या विरोधकांना जागा द्या

ज्ञानवादी (नॉस्टिक) ख्रिस्ती पंथांबद्दल जगाला कित्येक शतकं जे ठाऊक होतं ते मुख्यतः आयरेनियससारख्या त्यांच्या कट्टर विरोधकांच्या लेखनातून. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ तेरा जुन्या पोथ्या सापडल्या आणि त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत वाचता आलं. विरोधकांनी सगळंच खोटं लिहिलं होतं असं निघालं नाही, पण चित्र बरंच बदललं. म्हणून ‘पाखंडी’ हा शब्द तुमच्या स्वतःच्या वाक्यात येऊ देऊ नका. ज्याने म्हटलं त्याच्या तोंडी ठेवा.

धर्मातल्या आतल्या वादानेही लेख सरळ होतो. शार्लमेनने सॅक्सन लोकांवर बाप्तिस्म्याची सक्ती केली, नकार देणाऱ्याला देहदंडाचा कायदा केला. ७८२ साली व्हर्डनला ४,५०० सॅक्सन मारल्याची नोंद फ्रँक दरबाराच्याच वार्षिकांत आहे. त्याच दरबारातला अल्क्विन ७९६ च्या पत्रांतून सांगतो की श्रद्धा ही स्वेच्छेची गोष्ट आहे, माणसाला बाप्तिस्म्याला ओढता येईल, श्रद्धेला नाही. दोघेही ख्रिस्तीच. एकालाच ‘खरा ख्रिस्ती’ ठरवणं तुमचं काम नाही.

ग्रंथात लिहिलं तसंच लोक वागले, हेही गृहीत धरू नका. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाप्रमाणे बलिदान एकाच ठिकाणी व्हायला हवं. पण नाईल नदीतल्या एलेफंटाइन बेटावरच्या ज्यूंचं स्वतःचं मंदिर होतं. ते पाडलं गेल्यावर इ.स.पू. ४०७ मध्ये त्यांनी ते पुन्हा बांधायला परवानगी मागितली, तीही यहूदाच्या राज्यपालाकडे, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटलेलं दिसत नाही.

७. चौकटीतला पूर्वग्रह

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय विद्वानांनी शिडी करून ठेवली: खाली अनेक देव, वर एक देव. तिच्या उलट हल्लीची शिडी: एक देव म्हटला की असहिष्णुता आलीच. दोन्ही पुराव्याला पुरत नाहीत. सिनायमधल्या कुंतिल्लेत अजरूद इथल्या, इ.स.पू. ८०० च्या सुमाराच्या मजकुरात ‘शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा’ असे आशीर्वाद आहेत (याहवे हा इस्राएलचा देव, अशेरा हे एका देवीचं नाव), म्हणजे वाट सरळ वर चढत गेलेली नाही. असहिष्णुतेचं म्हणाल तर २५० साली सर्वांनी देवांना बळी अर्पण करावा असा हुकूम काढणारा सम्राट डेशियस अनेकदेवपूजक होता, आणि ३९१-३९२ मध्ये बळींवर बंदी घालणारा थिओडोशियस ख्रिस्ती होता.

८. नेहमीचे सापळे

- ‘नायसियाच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेत (३२५) बायबलची पुस्तकं ठरली.’ नाही. नव्या कराराची आजची २७ पुस्तकं तशीच मोजणारी पहिली यादी बिशप अथनेशियसच्या ३६७ च्या पत्रात मिळते.
- ‘कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्म राजधर्म केला.’ ३१३ साली मोकळीक मिळाली. राजाश्रित एकमेव पंथ ठरवणारा हुकूम ३८० चा, थिओडोशियसचा.
- ‘पर्शियन राजा सायरसच्या मृत्तिकालेखात ज्यूंच्या सुटकेचा हुकूम आहे.’ त्यात ज्यूंचं नावही नाही, आणि विजयाचं श्रेय बाबिलोनच्या मार्दुक देवाला आहे. बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकात हाच राजा ते श्रेय इस्राएलच्या देवाला देतो.
- मुस्लिम स्पेन सुवर्णयुग की नरक? ग्रानाडात शमुवेल हा-नागिद हा ज्यू वजीर झाला. त्याच्या मागून वजीर झालेला मुलगा योसेफ १०६६ च्या दंगलीत मारला गेला, आणि शहरातले अनेक ज्यूही. एकाच घराची ही हकिगत. अर्धी सांगणारे दोन्हीकडे सापडतात.

९. प्रसिद्ध करण्याआधी

मसुदा ज्या धर्माबद्दल आहे त्या धर्मातल्या एका जाणत्या माणसाला द्या, आणि त्या धर्माशी संबंध नसलेल्या एकाला. ‘पटलं का?’ विचारू नका, पटणार नाहीच काही ठिकाणी. ‘तुमच्या बाजूचं म्हणणं तुम्ही मांडाल तसं मांडलं आहे का?’ एवढं विचारा. उत्तर नाही आलं तर तो परिच्छेद पुन्हा लिहा, निष्कर्ष तोच राहिला तरी.

लेख बाहेर पडल्यावर चिडलेली पत्रं येतील, बहुधा दोन्हीकडून. दोन्हीकडून आली म्हणजे लेख समतोल झाला, ही स्वतःची समजूत घालू नका. दोघांनीही वेगवेगळ्या खऱ्या चुका दाखवल्या असू शकतात. प्रत्येकाला एकच विचारा: कुठला स्रोत, कुठली आवृत्ती, कितवं पान? ज्याने उत्तर दिलं त्याचा स्रोत तक्त्यात चढवा, बाकीच्या नोंदींना लावलेले तेच रकाने त्यालाही लावा, आणि मजकूर बदलावा लागला तर लेखाखाली तारीख घालून काय बदललं ते लिहा.